माळ्यावरचा कुकर

अभिनव,

रात्रपाळी करून झोपला आहेस, म्हणून चिठ्ठी खोलीच्या दाराला आतून चिकटवतेय. थोड्या वेळाने स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी होईल. धावत जाऊ नकोस.

आईंसमोर कुकर फुटला तेव्हापासून आपण भात पातेल्यात शिजवतोय आणि नवा कुकर माळ्यावर दडवलाय. केवढी काळजी घेतो, असं आपल्याला वाटायचं. स्वारगेटच्या थेरपिस्ट बाईंना आई म्हणाल्या, "घरात सगळे माझ्या भीतीला जपतात. मला कोण जपणार?" घे आता.

आज त्यांनी स्वतः स्टुलावर चढून कुकर खाली काढला. मला शिवूही दिला नाही. आईला घाबरट म्हणणाऱ्यांनी, म्हणजे तूच, हे बघायला हवं होतं. नंतर मला बाहेर पिटाळलं. म्हणाल्या, "तू असलीस की पहिल्या शिट्टीला तूच गॅस बंद करशील." खरंय. खाली पार्किंगमध्ये स्कूटरवर बसून असेन.

रडण्याचा आवाज आला तरी स्वयंपाकघराच्या दारातच थांब. गॅस त्याच बंद करतील. भात करपला असेल, तर दोनदा वाढून घे.

केतकी