लॉर्डसाहेबांची अंगठी

गुरुवार, जाब्रिया

ती अंगठी काही डोळ्यांपुढून हलत नाही. आयर्लंडचे एक म्हातारे लॉर्ड, इथे आखातात लेकीकडे आलेले, आज पडले आणि आमच्या इस्पितळात आले. हात सुजून घराण्याची अंगठी बोटात रुतली. डॉक्टर म्हणाले, कापूया. लॉर्डसाहेब कळवळले, "किताब पुतण्याकडे जाईल, आमच्यात तो मुलीला मिळत नाही. निदान अंगठी तरी तिला अख्खी देऊ द्या."

मी हात वर धरून चोळला, साबण लावला आणि आई बांगड्या भरायची तशी गोंजारत, फिरवत... निघाली की! अख्खी!

"सिस्टर, कुठे शिकलात हे?"

"आईकडे. आम्ही कासार. बांगड्या भरणं आमच्या घराण्यातच आहे."

घराणं! हा शब्द माझ्या तोंडी आला कसा?

अंगठी लेकीच्या तळहातावर ठेवत ते म्हणाले, "म्हणजे तुमच्यात मुलीला मिळतं."

मिळतं, लॉर्डसाहेब. मिळालंय.