गिअरला ब्रेकची नळी

प्रिय केयूर,

फोनवर माझा आवाज चढतो आणि तू 'हो बाबा, हो बाबा' करत फोन ठेवून देतोस, म्हणून लिहायला बसलो. रितिका आली आहे, तिच्याच हाती पाठवतो. अक्षर वाकडंतिकडं आलंय, तो दोष तुझ्या या लेकीच्या पेनचा. दिसायला देखणं, कामाला शून्य.

तुझी ती डोंगरात चालवायची सायकल मंगळवारी उघडली. मागच्या गिअरची तार आणि तिच्यावरची काळी नळी तू स्वतः बदललीस म्हणे, व्हिडिओ बघून! धन्य आहेस. महाल भागातल्या आपल्या दुकानात चाळीस वर्षं सायकली दुरुस्त केल्या मी, पण गवळ्याने सुतळीने बांधलेला ब्रेकही याच्यापेक्षा बरा असायचा. अरे, गिअरला ब्रेकची नळी घातलीस! दोन्ही काळ्या, म्हणजे झालं? ब्रेकच्या नळीत तार गोल गुंडाळलेली असते, ताण आला की ती आखडते. गिअरच्या नळीत तारा उभ्या असतात, त्या आखडत नाहीत. म्हणूनच तू तिसरा गिअर मागायचास आणि सायकल तुला चौथा द्यायची. त्यात ती नळी कापलीस पक्कडीने. तोंड पार चेपलेलं. टोच्याने ते मोकळं करावं लागतं, हे त्या व्हिडिओवाल्याने सांगितलं नाही का? आणि लांबी इतकी तोकडी, की हँडल वळवलं की गिअर आपोआप बदलतो. मिहानच्या कारखान्यात विमानाच्या भागांची मापं तपासतोस ना तू? मी आता विमानात बसत नसतो.

तुझे मनीषनगरचे मित्रही त्याच माळेचे मणी. चार किलोमीटर सायकल हाकायची, तर्री-पोहे चापायचे आणि फोटो टाकायचे. त्या पियुषला साधी हवा भरता येत नाही, पण हेल्मेट बघावं तर लढाईला निघाल्यासारखं. हे वीर पुढच्या शनिवारी चिखलदऱ्याचा घाट चढणार! सायकल ठेवायला आलात त्या दिवशी अंगणात सगळ्यांदेखत मी म्हणालो होतो, "मी करून देतो गा पोट्टेहो, माह्या हातचा गिअर घाटात दगा नाही देत." ते हसले. तू हसला नाहीस, माझ्या हातांकडे बघत राहिलास. मला त्याचा फार राग आला होता.

बारावीच्या सुट्टीत तू दुकानात येऊन बसायचास, आठवतं? पाना उचललास की मी हिसकावून घ्यायचो. "हात काळे काहून करून राहिला? तुले सायब व्हा लागते." तुझी आई म्हणायची, शिकू द्या थोडं, बापाचंच काम आहे. तिलाही गप्प केलं मी. तू साहेब झालास आणि मी गल्लीभर पेढे वाटले. आता तोच साहेब माझं काम मोबाइलवर परक्या माणसाकडून शिकतो आणि मी त्याला नावं ठेवतो. चूक कोणाची, ते मला कळतं रे.

पेन चांगलं आहे, केयूर. तू आणून दिलेल्या चार तारांपैकी तीन मी वाया घालवल्या. तार नळीच्या तोंडाशी नेली की हात थरथरतो, टोक पिंजतं, आणि पिंजलेली तार ओवली जात नाही. चार दिवस हेच चाललंय. तारा बाजारातून आणखी आणता येतील, हात कुठून आणू? तुझ्या आईला सांगितलेलं नाही. उद्या रविवार आहे, एकटाच ये. मी स्टुलावर बसून सांगेन, तू ओव. आधी ओवायची, मग कापायची, एवढं ध्यानात ठेव. शिव्या खाशील, त्याला इलाज नाही. पण पाना मी हिसकावणार नाही.

तुझाच,
बाबा