शेणाच्या गॅसवरचा नैवेद्य

६ जून १९७१
वस्तीवर येऊन आठ-दहा दिवस झाले. गावातलं घर सोडताना थोरले भाऊजी म्हणाले, "जाताय तर जा. ना वीज, ना शेजार. पोळ्याला परत दिसाल." ह्यांच्या थोरल्या भावाला काय उलटून बोलायचं! पदर खोचला नि गाडीत बसले.
आज छपरावर शेवटचा पत्रा बसला. कंदील लावला की चहूकडं दुसरा दिवा नाही. भीती वाटते. पण घर माझं आहे.

१४ जून
शेणगॅसचा खड्डा बांधून झाला. शेवगावहून लोखंडी टाकी आली, खड्ड्यावर पालथी घातली. शेण पाण्यात कालवून सोडायचं. आत गॅस साठला की टाकी आपोआप वर उचलली जाते.
गावातली एकजण बघून म्हणाली, "आगं बया, शेनावर सैपाक?" म्हटलं, "आन् तुझ्या चुलीत गोवऱ्या कशाच्या गं, चंदनाच्या?"
शेण मीच कालवते. ह्यांच्या हातून गुठळ्या राहतात.

८ जुलै
टाकी वीतभर वर! सकाळपासून चारदा हात लावून आले. पोटुशीच्या पोटाला लावावा तसा.

१५ जुलै
टाकी भरली. गॅसवाले साहेब सांगून गेलेत, पहिला गॅस हवेत सोडून द्या, तो पेटत नाही. हे सोडायला निघाले, मी आडवी. पहिलं दूध देवाचं, पहिलं कणीस देवाचं, नि इथं पहिलंच फेकायचं? भांडले. हे हरले.
रविवारी सगळ्यांना बोलावलंय.

१८ जुलै
फजिती. शेगडीला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला, काडी लावली. फुस्स. दुसरी. तिसरी. काडेपेटी संपली. भाऊजी उपरण्याआड हसले. आत्याबाई, ह्यांची आई, गुडघे दुखत असताना गाडीत बसून आल्या होत्या. म्हणाल्या, "देवाला नको आसंल." ते फार लागलं.
शेवटी बाहेर तीन दगड मांडून सगळ्यांना चहा केला.
साहेब खरं बोलला होता. ह्यांना मात्र हे सांगणार नाही.

१९ जुलै
कॉक उघडला. सूंऽऽ करत टाकी खाली बसली. देवाला म्हटलं, तुझा वाटा वाऱ्याबरोबर धाडलाय, घे बाबा.

२ ऑगस्ट
पेटला! निळा!
दूध ठेवलं, मुद्दाम उतू जाऊ दिलं. धूर नाही, फुंकणी नाही, भांड्याला काजळी नाही. हे म्हणाले, "जमलं की गं तुला." 'तुला' म्हणाले. 'आपल्याला' नव्हे.

२० ऑगस्ट, पोळा
भाऊजी, बघा, आम्ही इथंच.
पुरण गॅसवर. बैलांना आधी, मग आत्याबाईंना डबा. बैल गावात मिरवून हे परत आले, डबाही परत. न उघडता. गावात कुणी उठवलंय, वस्तीवरचा संडास त्या खड्ड्यात सोडलाय म्हणे. मेल्यांनो, संडास आहे कुठं! आम्हीसुद्धा टमरेल घेऊन ओढ्याकडंच जातो.
हसायला आलं. मग रडले. सणाची पोळी परत आली.

४ सप्टें.
सासऱ्यांची, आबांची तिथी जवळ आली. वेगळं झाल्यावर पितर ज्याचे त्याने जेवू घालायचे, आमचं पहिलंच वर्ष. हे म्हणाले, "त्या एका दिसापुरती चूल मांड की. आईचं मन राहील."
खरं आहे त्यांचं. पण एक दिवस चूल मांडली की गाव म्हणणार, बघा, हिलाच खात्री नाही. मग आत्याबाई जन्मात माझ्या हातचं खाणार नाहीत.
नाही म्हणजे नाही. गॅसवरच.

१२ सप्टें.
आत्याबाई आल्या. पाणीसुद्धा न घेता आधी गोठा, मग खड्डा. नळी हाताने चाचपत शेगडीपर्यंत. संडास शोधला, मिळाला नाही. मग शेगडीपुढं बसल्या.
"धूर कुठंय?"
"न्हाईच, आत्याबाई."
डोळे पुसायला सवयीनं धरलेला पदर तसाच हातात. "माझा जलम गेला फुकून फुकून," म्हणाल्या. मला वाटलं, जिंकले! कुठलं. संध्याकाळी गावातून आणलेले गूळ-फुटाणे खाऊन पाणी प्यायल्या. म्हणाल्या, "कर उद्या ह्याच्यावर. तुझ्या सासऱ्यानं घास घेतला, तर मीबी खाईन. कावळा काय कुनाचं मन राखत न्हाई."

१३ सप्टें.
खीर, वडे, कढी, गवार, अळू. असा स्वैपाक गावातल्या घरात माझ्या हातून एकदाही झाला नाही. छातीवर हात ठेवून सांगते.
पान गोठ्याच्या पत्र्यावर ठेवलं. दोन कावळे लिंबावर. हलेनात. हे म्हणाले, "आबांचं काही मनात राहिलंय. काहीतरी कबूल करू."
मी म्हटलं, गाय सोडू, अन्नदान करू. कावळे ढिम्म. आत्याबाई गुडघ्यावर हात टेकत पुढं झाल्या. लिंबाकडं बघून, घरात बोलावं तसं म्हणाल्या, "आवं, या की. लई निगुतीनं केलंय पोरीनं. लेकरं हितंच ऱ्हानार हायेत, आता मागं फिरवू नगा. आन् धूर न्हाई ओ हितं, धूर न्हाई."
मला हुंदका आवरेना, म्हणून आत आले.
दु.: एक कावळा पत्र्यावर उतरलाय. पानापासून हातभर लांब. ऊन चढलंय, आत्याबाईंना आत या म्हटलं तर ऐकत नाहीत. आम्ही तिघंही अजून उपाशी.