शेजारणीला सांगितलेला नमस्कार

आये, तुला जाऊन इतकी वर्षं झाली आणि आज तुझ्याशी बोलायचंय ते एका परक्या पोरीच्या बाळाबद्दल. भोरला दवाखान्यात मी तान्ह्या बाळांच्या खोलीत सिस्टर आहे, हे तुला माहीतच आहे. नोकरी लागली तेव्हा गावभर सांगत हिंडली होतीस. गेल्या महिन्यात विंझरकडची एक पोर बाळंत झाली. पोटुशी असताना कंबर धरली म्हणून दुकानातून कडक गोळ्या आणून खायची, मग त्या सुटेनातच. अफूच्याच जातीच्या गोळ्या त्या. नाळ तुटली तसा बाळाचा तो खुराकही तुटला आणि ते थरथरायला लागलं. किंचाळल्यासारखं रडायचं, सारखं शिंकायचं, मुठी चोखायचं, पण दूध काही ओढता येईना. सासू म्हणाली, "दिष्ट लागलीया, मीठमोहऱ्या उतरून टाकू द्या." मी मात्र त्याच्या लटलटणाऱ्या हनुवटीकडे बघत राहिले. तशी हनुवटी मी आपल्या घरात पाहिली होती.

लावणीचे दिवस. बांधावर झाडाला धाकट्याची झोळी बांधलेली. घरून निघताना तू सहाणेवर बाळगुटीबरोबर अफूचा कण उगाळतेस, बोटानं त्याच्या जिभेला लावतेस, की तो दिवस मावळेपर्यंत गप्प. सगळ्याच बाया द्यायच्या. रडतं पोर टाकून दुसऱ्याच्या खाचरात वाकायचं तरी कसं? लावणी उरकली, तू अफू बंद केलीस आणि धाकटा असाच थरथरायला लागला. मग तू दाराला गोणपाट लावलंस, चुलीमागच्या अंधारात बसलीस आणि त्याला उघड्या छातीशी धरून वरून लुगडं गुंडाळलंस. आम्हाला मोठ्यानं बोलू देईनास. भाकरी मी थापली, जाडजूड आणि करपलेली. एरवी शिव्या घातल्या असत्यास, तेव्हा मुकाट्यानं खाल्लीस. तो शांत झाला आणि मग गावात नर्सबाई आल्या. अफूचं त्यांच्या कानावर आलंच, सगळ्या आळीसमोर तुला म्हणाल्या, "तू आई आहेस की वैरीण?" तू मान खाली घातलीस. मला तुझी इतकी लाज वाटली की मी जाऊन त्या बाईंची पिशवी धरून उभी राहिले. पोरांच्या मायेनं नर्स झाले असं मी लोकांना सांगते. खरं तर मला कायम त्या पिशवीच्या बाजूला उभं राहायचं होतं.

डॉक्टरांनी बाळाला औषधाचे थेंब सुरू केले, आईच्या गोळ्याही हळूहळू कमी करायच्या ठरल्या. पण मुख्य औषध म्हणजे अंधार, शांतता आणि आईची छाती. आणि आईच पिशवी भरून निघालेली! "सिस्टर, म्या जाते म्हायेरी वेल्ह्याला," ती म्हणाली. "समदी माज्याकडंच बगत्यात. म्याच इख चारलं त्येला, आता कंच्या तोंडानं जवळ घिऊ?" माझ्या जिभेवर नर्सबाईंचंच वाक्य आलं होतं, आये, अगदी तस्संच. ते गिळलं आणि पडदे ओढून तिच्या शेजारी बसले. तुझी सगळी गोष्ट तिला सांगितली. लावणी, सहाण, गोणपाट. फक्त सुरुवात केली ती अशी: "आमच्या शेजारी एक बाई होती."

तिनं पिशवी खाली ठेवली. "आन् त्यो पोरगा?" तिनं विचारलं.

"टेम्पो चालवतो. बोलायला लागला की थांबत नाही. लहानपणी गप्प बसवलं त्याची भरपाई करतोय बहुतेक."

ती हसली. मग पदर बाजूला केला आणि मी बाळ तिच्या उघड्या छातीवर ठेवलं. ते आधी धडपडलं, रडलं, मग हळूहळू सैलावलं. ती पोर ओठ न हलवता रडत होती. पुढचे सगळे दिवस ती तशीच बसून राहिली. सासूलाही तिनं मोठ्यानं बोलू दिलं नाही.

आज बाळ घरी गेलं. अंगावर चांगलं पितंय. एसटीला अवकाश होता, म्हणून ती बाळाला घेऊन परत आत आली. "सिस्टर, तुमच्या त्या शेजारनीला माजा नमस्कार सांगा. तिच्यापायी ऱ्हायले म्या हितं."

"सांगते," म्हणाले. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. खरं सांगून टाकायला याहून चांगली वेळ कुठली मिळणार होती? मी बाळाची टोपी नीट करत बसले. ज्या लाजेनं ती पोर बाळ टाकून पळणार होती, तिच्यातून तिला मी बाहेर काढलं, आणि माझी लाज मात्र जपून ठेवली, तीही तुझ्या जिवावर.

तो नमस्कार तुझा आहे, म्हणून हे लिहिलं. धाकट्यालाही या नमस्काराचं सांगावं असं एकदा मनात आलं. पण तो विचारेल, ही शेजारीण कुठली, आणि त्याला तरी मी खरं सांगेन का, हे मला सांगता येत नाही.