टायर बघून निघत जा

इमोगिरी, मंगळवार

प्रिय रुमिनी,

सोलो शहरात मावशीकडे राहून तुला कपड्यांच्या कारखान्यात काम लागलं, जायला-यायला जुनी सायकल घेतलीस, हे वाचून आईनं शेजारच्या तीन घरांतल्यांना बोलावून चहा पाजला. पत्राच्या शेवटी तू विचारलंयस, “ताई, टायरमधलं मला काही कळत नाही. तू सात वर्षं सायकलनं कामाला गेलीस, तूच सांग ना.” वाचून मला हसू आलं. पण विचारलंच आहेस तर ऐक.

दर शुक्रवारी हवा भरायची. अंगठ्यानं दाबून बघ, टायर कच्च्या पेरूसारखा टणक लागला पाहिजे. हवा कमी असली की खड्ड्यात ट्यूब रिमखाली चेमटते आणि शेजारीशेजारी दोन भोकं पडतात. घरी आलीस की टायर फडक्यानं पुसत जा, काच-खडा रुतला असेल तर पिनेनं काढ. पंक्चर झालंच तर ट्यूब पाण्यात बुडव, बुडबुडे येतील ती जागा काचपेपरनं घास, सोल्युशन वाळू दे, मग ठिगळ लाव. ट्यूब परत बसवण्याआधी टायरच्या आतून हळूच बोट फिरव. लोक भोक बुजवतात आणि काटा तसाच ठेवतात.

आणि महिन्यातून एकदा चाक फिरवून टायर नीट बघ. कडेला भेगा पडल्या, रबर झिजून आतले धागे दिसायला लागले, की तो संपला. मागचा एकवेळ चार दिवस ढकलता येतो. पुढचा नाही. पुढचा फुटला की हँडल आपलं ऐकत नाही. हे मला ओपाक नदीच्या पुलाच्या उतारावर कळलं, सकाळी सहाला. मागून वाळूचा ट्रक होता. त्या बिचाऱ्या ड्रायव्हरनं ब्रेक मारला म्हणून गुडघ्याखालचा पाय जाण्यावरच भागलं.

तू माझं किती केलंस! दोन वर्षं आंघोळ घातलीस, जखम धुतलीस, सोयाबीनचे टेम्पे तळून हातात आणून दिलेस. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, “बहीण असावी तर रुमिनीसारखी.” मी मान डोलवायचे. तहान नसताना तुझ्याकडे पाणी मागायचे, पाचदा, सहादा. तू माझा अर्धा राहिलेला पाय पुसत असताना तुझ्या तोंडाकडे बघत राहायचे. वाटायचं, आज बोलशील.

अपघातानंतर तिसऱ्या दिवशी चौकातले टायरवाले जुमादीकाका दवाखान्यात आले होते. तू खाली औषधं आणायला गेली होतीस. ते म्हणाले, “पोरी, तुझी सायकल बघितली. फुटलेला टायर मी घातलेला नव्हे. दहा दिवसांपूर्वी मी तुला नवा कोरा घालून दिला होता. तो काल पार्दीच्या पुढच्या चाकाला बघितला मी.” मी म्हटलं, “काका, तुमचा काहीतरी गैरसमज झालाय.” ते उठून गेले.

अपघाताआधीच्या रविवारी तुझा तो पार्दी तुला समुद्रावर नेणार होता ना? त्याचा टायर गेलेला होता. ताईला काय, रोजचाच रस्ता, चार दिवस जुन्यावर काढेल, असंच वाटलं असेल तुला. पुढं तो बाताम बेटावर गेला आणि तिथलीच बायको करून बसला. ती बातमी आली त्या दिवशी तू चुलीपाशी रडत होतीस आणि मी दोन घास जास्त जेवले.

दर ईदला तू माझ्यासमोर गुडघे टेकून म्हणतेस, “कळत-नकळत झालेलं सगळं माफ कर, ताई.” सगळेच म्हणतात तसं. मीही तुझ्या डोक्यावर हात ठेवून सगळेच देतात ते उत्तर देते. कळत झालेलं कोणतं, ते तू एकदाही सांगितलं नाहीस. आता सांगूही नकोस. हे पत्र आईला दाखवणार नाही, तूही दाखवू नकोस. वर लिहिलंय ते मात्र एकूण एक पाळ, टायर बघितल्याशिवाय घराबाहेर पडू नकोस. तू धडधाकट राहायला हवीस. कारण तू पडलीस, तर उद्या हे कळलं तरी सगळे तुला माफ करतील. कदाचित मीसुद्धा करीन. ते मला नकोय.

तुझीच ताई,
विगाती