पिवळ्या रेघेचा बोल्ट

मी, खाली सही करणारा, वय वर्षे अडुसष्ट, धंदा जुन्या स्पोर्ट्स सेडान गाड्यांची ताकद वाढवण्याचा, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय आणि पूर्ण शुद्धीत करत आहे. शुद्धीत असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. मला विचाराल तर गेल्या मंगळवारपासून माझं डोकं ठिकाणावर नाही. का, ते कलम चारमध्ये येईल. यापूर्वीचं मृत्युपत्र मी माझ्या हाताने फाडलं आहे. त्यात धाकट्या भावाच्या नावापुढे "काही नाही" एवढंच लिहिलं होतं.

१. राहतं घर आणि बँकेतली शिल्लक मुलीला. तिची आई गेल्यापासून घर तीच सांभाळते आणि निम्मं गॅरेजही तीच ओढते. स्वयंपाकघराच्या खिडकीतला उलटा ठेवलेला पिस्टन हलवू नये. तिची आई त्यात पेनं ठेवायची.

२. पान्यांची पेटी, जॅक आणि स्प्रिंग दाबायचं यंत्रही मुलीला. त्या यंत्रापासून तोंड लांब ठेवावं, माझा पुढचा दात त्यानेच नेला. टॉर्क पाना मात्र धाकट्या भावाला. बोल्ट हवा तेवढा आवळला गेला की हा पाना 'टक्' असा वाजतो. माणसांत असं काही वाजत नाही, हीच पंचाईत आहे.

३. माझ्या गाड्यांच्या आवाजाबद्दल अकरा वेळा तक्रार करणाऱ्या शेजाऱ्याला माझ्या गाडीचा कंपनीचा मूळ सायलेन्सर, कोरा. मूळ कंपनीच्या खोक्यात नकली ब्रेक पॅड घालून विकणाऱ्या पार्टवाल्याला तेच पॅड, खोक्यासकट. त्याने ते स्वतःच्या गाडीला लावावेत आणि एकदा घाट उतरून यावं.

वकिलांनी बजावलं आहे की मृत्युपत्रात ज्याला काही मिळतं त्याने साक्षीदार होऊ नये, नाहीतर त्याचा वाटा बुडतो. शेजारी साक्षीदार व्हायला तयार होता. सायलेन्सरपायी आता दुसरा माणूस शोधणं आलं.

४. गॅरेज, जागेसकट, संपूर्णपणे धाकट्या भावाला. कारण सविस्तर लिहितो.

गिऱ्हाईक येतं ते टर्बो मागत. आम्ही दोघे भाऊ आधी ब्रेक बदलायचो, मग सस्पेन्शन, आणि ताकद सगळ्यात शेवटी. जी गाडी थांबत नाही तिला पळवण्यात शहाणपण नाही. आमचा नियमही होता. जो बोल्ट आवळेल त्याने त्यावर आपल्या रंगाची रेघ मारायची, माझी पिवळी, त्याची पांढरी. दुसऱ्याने पाना लावून तपासायचं आणि शेजारी आपली रेघ मारायची. दोन रेघा नसतील तर गाडी फाटकाबाहेर जात नसे.

एकोणीस वर्षांपूर्वी आम्ही आमच्याच जुन्या सेडानला टर्बो आणि मोठे ब्रेक बसवले. धाकटा ती चालवून बघायला घेऊन गेला. पहिल्याच वळणावर पुढचं डावं चाक जाम झालं आणि गाडी भिंतीवर गेली. त्याचा गुडघा कायमचा गेला. इस्पितळात त्याच्या खाटेशी उभा राहून मी म्हणालो, "डावी बाजू तुझी असते. तू हलगर्जीपणा केलास." प्लॅस्टर निघालं तसा तो गॅरेज सोडून गेला. आता तो शाळेच्या बस दुरुस्त करतो. गाडी मी शेडमागे ताडपत्रीखाली टाकली आणि पुन्हा उघडली नाही.

गेल्या मंगळवारी मृत्युपत्रासाठी सामानाची यादी करताना मुलीने ताडपत्री काढली. डावं चाक खोलून ती म्हणाली, "बाबा, या ब्रेकचा एक बोल्ट गायब आहे. आणि हा दुसरा नुसत्या बोटांनी फिरतोय."

त्यावर पिवळी रेघ होती. एकच.

मी खाली बसलो. तिथे स्टूल नव्हतं, तरी बसलो.

मग सगळं आठवलं. त्या दुपारी धाकटा ब्रेक ऑइल आणायला गेला होता, म्हणून डावी बाजू मी घेतली. घाई असली की आधी सगळ्या बोल्टांवर रेघा मारायच्या आणि मग आवळत जायचं, ही माझी वाईट खोड. मध्येच फोन वाजला. धाकटा परत आल्यावर म्हणाला होता, "दादा, तपासून घेऊ का?" मी म्हणालो, "माझी रेघ दिसतेय ना? माझ्या हातावर भरवसा नाही का तुझा?"

हे मी विसरलो होतो की विसरायचं ठरवलं होतं, ते मला आजही सांगता येत नाही. माफी ही वाटून देण्याची वस्तू नाही, तरी इथेच लिहितो. चूक माझी होती. मी माझ्या सख्ख्या भावाला लंगडं केलं आणि वर दोषही त्यालाच दिला.

५. हे कलम सही करण्यापूर्वी हाताने लिहीत आहे. धाकट्याला आज वाचायला बोलावलं होतं. त्याने चष्मा लावून सगळं वाचलं आणि म्हणाला, "मला माहीत होतं. त्या दिवशी रस्त्यावर पडल्या पडल्याच निखळलेल्या बोल्टावर पिवळी रेघ दिसली होती."

वकिलांनी विचारलं, मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?

"याच्या हातावर विश्वासून लोक गाड्या देत होते. तो विश्वास गेला असता तर सगळ्यांनी खायचं काय? आणि वाटलं, आज ना उद्या हा स्वतः ताडपत्री उचलेल."

मग तो म्हणाला, "दुसरा साक्षीदार मी होईन." वकिलांनी समजावलं, मी हात जोडले, पान्यासकट सगळं बुडेल म्हणून सांगितलं.

"बुडू दे. गॅरेज पोरीला दे. मी येऊन तपासत जाईन."

म्हणून कलम चार रद्द, गॅरेज मुलीला. टॉर्क पाना मी त्याला आत्ताच, माझ्या हयातीत दिला आहे, तो बुडणार नाही. तो एका हातात धरून त्याने दुसऱ्या हाताने हे कागद पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायला घेतले. मी म्हणालो, आत्ताच तर वाचलंस.

"दादा, या वेळी तपासल्याशिवाय सोडणार नाही."

स्थळ : गॅरेजचं ऑफिस
तारीख : चौदा मार्च, शुक्रवार, दुपार

मृत्युपत्र करणार : (सही)

आम्हा दोघांसमोर, शुद्धीत सही केली :
साक्षीदार पहिला : डॉक्टर (सही)
साक्षीदार दुसरा : धाकटा भाऊ, बस मिस्त्री (सही). दादाच्या सहीशेजारी माझी पांढरी रेघ मारली आहे. कागदावर दिसत नाही, बोट फिरवलं की लागते.