दार वाजवण्याचं यंत्र

तीर्थस्वरूप दादास,

धाकटीचा साष्टांग नमस्कार. (तो कागदावरच घे, बालवर्गाच्या बुटक्या खुर्च्यांवर बसून कंबर धरली आहे.) तुझी ॲसिडिटी, वहिनींचा गुडघा, मुलांचा अभ्यास, सगळं ठीक आहे असं धरून चालते. इकडचं म्हणशील तर आई गेल्यापासून घर खायला उठतं. बाबा खिडकीशी बसून असतात आणि तुझ्या फोनवर "ठीक आहे" म्हणतात. ते ठीक नाहीत.

पण पत्राला कारण वेगळंच. यंदा शाळेने बालवर्गाला 'रचना आणि तंत्रज्ञान' हा विषय लावला आणि तो माझ्या गळ्यात मारला. मला कागदसुद्धा सरळ कापता येत नाही, हे तू जाणतोसच (लहानपणी तुझ्या वह्यांना कव्हरं मीच घालायचे). विषयाचा मंत्र असा: कोणासाठी करायचं त्याला आधी विचारा, मग चित्र काढा, मग बनवा, मग वापरून बघा, मोडलं तर दुरुस्त करा. पाच वर्षांच्या मुलांना यातलं 'मोडलं' तेवढं चटकन समजलं. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मुख्याध्यापिकाबाईंची खुर्ची वापरून बघितली, चौघांनी एकदम उड्या मारून. खुर्ची नापास झाली आणि बाईंनी मला उभ्या उभ्या झापलं (बसणार कशावर?).

पुढच्या धड्याला गिऱ्हाईक हवं होतं, खरं माणूस आणि त्याची खरी गरज. पालकांना विचारलं तर सगळ्यांना नेमकं त्याच दिवशी काम निघालं. शेवटी मी बाबांनाच ओढत नेलं. बुटक्या खुर्चीवर गुडघे छातीशी घेऊन ते बसले. वर्गात एक मुलगी आहे, तिची पाण्याची बाटली कायम गळते, म्हणून मी तिला गळकी म्हणते (मनातल्या मनात). तिने पुढे होऊन विचारलं, "आजोबा, तुम्हाला काय पाहिजे?" मला वाटलं, चष्म्याचं घर सांगतील. बाबा वर्गाच्या दाराकडे बघत म्हणाले, "दार वाजलं पाहिजे."

आठवतंय ना तुला? आई कधी किल्ली न्यायची नाही. बेल असताना हाताने दार बडवायची आणि बाबा "आलो, आलो, दार तोडतेस का!" करत कुरकुरत उठायचे. आता किल्ली माझ्या पर्समध्ये असते. बाबांना उठायला नको म्हणून मी आवाज न करता आत येते. तिथे वर्गात मला रडू आवरेना, फळा पुसण्याचं निमित्त करून पाठ फिरवली. (फळा कोराच होता.)

मुलांना यात रडण्यासारखं काही दिसलं नाही. दार वाजत नाही ना, मग वाजवू. पुठ्ठ्याचा खोका, लाकडी चमचा, रिकामं रीळ आणि सुतळी, एवढ्यात काम झालं. (डिंकाचं विचारू नकोस, एक मुलगा खोक्याबरोबरच घरी जायचा होता.) मी ते यंत्र घराच्या दाराला बाहेरून बांधलं आणि सुतळी फटीतून बाबांच्या खुर्चीपर्यंत आणली. बाबांनी ओढली. टकटक झालं. बाबा उठले, दार उघडलं, बाहेर बघितलं, लावलं, येऊन बसले. थोड्या वेळाने पुन्हा ओढली. आठवडाभर हेच चाललंय. मी स्वयंपाकघरातून ऐकत असते आणि भाजी करपते.

काल बाबा आपणहून वर्गात आले, कारण यंत्र कसं चाललं ते गिऱ्हाइकाने सांगायचं असतं. म्हणाले, "वाजतं छान. पण बाहेर कोणी नसतं." वर्ग एकदम गंभीर झाला. गळकीने खूप विचार केला आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "बाई, आपलं बाहेरचं माणूस करायचं राहिलं." हे पुठ्ठ्यात जमत नाही, असं सांगायच्या ऐवजी मी मधली सुट्टी लवकर दिली.

असो. बाकी काळजीचं काही नाही. वहिनींना नमस्कार, पोरांना गोड पापा.

तुझी,
धाकटी

ता. क. तुला रजा मिळत नाही, हे मला ठाऊक आहे. म्हणून ये असं म्हणत नाही.

आणखी ता. क. ये. तुझ्याकडची घराची किल्ली तिथेच राहू दे. बेल चालू आहे, तरी तिला हात लावू नकोस. चमचा मी काढून ठेवते.